धोका क्रमांक सतरा

"नंबर सतरा," सल्लागार बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या पडद्याकडे त्यांनी पेन रोखलं. "संस्थेचा एकमेव इंजिनियर सोडून जाणे. शक्यता पाचपैकी पाच. फटका पाचपैकी पाच. पाच पंचे पंचवीस. अख्ख्या यादीत पंचवीस मार्क फक्त ह्या एकाच धोक्याला आहेत."

सगळ्यांनी पडद्याकडे माना वळवल्या.

"आणि जबाबदार व्यक्ती..." त्या पडद्याजवळ गेल्या, चष्मा नाकावर नीट बसवला. "धाकटे साहेब."

आधी मुकादम हसला. मग स्टोअरकीपर, मग अकाउंटंट. धाकटे साहेब म्हणजे मी. आणि संस्थेचा एकमेव इंजिनियर म्हणजेही मीच.

"म्हणजे साहेब पळून जाऊ नयेत म्हणून साहेबांनीच दारात बसायचं," मुकादम म्हणाला. "मग कडी आतून लावायची का बाहेरून, तेवढं सांगा."

मीही हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करणार? चूक कशी झाली ते मला बसल्या जागी कळलं होतं. यादीत एकतीस धोके होते. लोखंडाचे भाव वाढणे, मिक्सर ऐनवेळी बंद पडणे, नकाशे उशिरा हातात येणे, सेंटरिंगवाले काम अर्धं टाकून जाणे, काँक्रीटचे ठोकळे तपासणीत नापास होणे. प्रत्येक धोक्यापुढे एक रकाना असतो, तो धोका कुणी सांभाळायचा ते लिहायचा. पहिल्या ओळीत मी 'धाकटे साहेब' असं टाइप केलं आणि माउस धरून थेट तळापर्यंत ओढत नेला. एकतीसच्या एकतीस रकाने भरले. आमच्या ऑफिसातल्या याद्यांमध्ये मी अकरा वर्षं हेच करत आलो होतो आणि कुणी कधी हरकत घेतली नव्हती. मिक्सर बंद पडला की फोन मलाच यायचा, आणि ठोकळा नापास झाला की पाणीखात्यात जाऊन मान खाली घालायचं कामही माझंच होतं. सतराव्या ओळीवरून माझा हात सरसर पुढे गेला तेव्हा ती ओळ माझीच आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

"बरोबर लिहिलंय," टेबलाच्या टोकाकडून दादा म्हणाला. तो पडद्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "त्याचं त्यानंच बघायचं. पुढचा घ्या, बाई."

"असं पुढं जाता येत नाही," बाई म्हणाल्या. "पंधराच्या वर मार्क असले की उपाय लिहिल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही. साहेब, शुक्रवारपर्यंत मला उपाय द्या. तुमच्या नावावर आहे तो."

मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, 'शुक्रवार, सतरा'.

दादा माझा सख्खा भाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि दादा दुसऱ्याच्या कामावर स्लॅबखालच्या फळ्या ठोकत होता. सातवीनंतर त्याची शाळा सुटली ती सुटलीच. माझी मात्र त्यानं सुटू दिली नाही. मी इंजिनियर झालो तेव्हा पदवीच्या कागदाची फ्रेम त्यानं करून आणली आणि घरी लावायच्या आधी नोंदणीच्या कचेरीत नेऊन दाखवली. टाक्या बांधायचा परवाना मिळवायचा तर संस्थेत पदवीधर इंजिनियर असावा लागतो. त्या फ्रेमवर दादानं संस्था उभी केली आणि बावीस वर्षांत उंचावरच्या पाण्याच्या सदतीस टाक्या बांधल्या. एकही गळत नाही. हे मी शेखी म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आता एकदम सात टाक्यांचं काम निघालं होतं. त्याच्या अर्जाबरोबर संस्थेचा पाच वर्षांचा आराखडा आणि संभाव्य धोक्यांची यादी जोडायची, अशी अट होती. दादाला ते फारच गमतीचं वाटलं होतं.

"आपले धोके आपणच लिहून द्यायचे?" तो म्हणाला होता. "म्हणजे मुलगी बघायला जायचं आणि मुलाच्या खोड्या वाचून दाखवायच्या." पण अट म्हणजे अट. म्हणून ह्या सल्लागार बाई आल्या होत्या, तीन दिवसांसाठी, रंगीत पेनं घेऊन. धोक्याला चारच औषधं असतात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. टाळा, कमी करा, दुसऱ्याच्या गळ्यात घाला, नाहीतर सोसा. त्यावर अकाउंटंट हळूच म्हणाला, की आमच्याकडे गळा एकच आहे. सगळे माझ्याकडे बघून हसले होते.

मग मी सतरावी ओळ लिहिलीच का, हे सांगायला हवं.

काँक्रीट टाकलं की त्याचे ठोकळे भरून ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे, म्हणजे काँक्रीटची ताकद कळते. ते यंत्र आमच्याकडे नाही. मी ठोकळे घेऊन तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जातो, गेली पंधरा वर्षं. तिथले प्राचार्य मला ओळखतात. चार महिन्यांपूर्वी ते म्हणाले, "शिकवायची एक जागा निघाली आहे. तुमच्या वयाचा माणूस अजून एक वर्ष चालतो. पुढच्या वर्षी नाही. करा की अर्ज."

मी अर्ज केला. मग एका बुधवारी ठोकळे फोडायला जातो असं ऑफिसात सांगून गेलो आणि मुलाखतीचा भाग म्हणून एका वर्गासमोर उभा राहिलो. चाळीस मुलंमुली होती. मी विचारलं, स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू इतके दिवस का ठेवायचे? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, नियम आहे म्हणून." सगळे हसले. मी म्हटलं, नियम बाजूला ठेवा, तुम्ही स्वतः स्लॅब आहात असं समजा. मग तासभर बोलत होतो. फोन खिशात थरथरत राहिला, मी तो बघितलासुद्धा नाही. बाहेर आलो तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते आणि माझे हात खडूनं पांढरे झाले होते. त्या दिवशी मला जितकं हलकं वाटलं तितकं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. हे मी हिलाही सांगितलं. ही म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तुम्ही मंडपाचे खांब मोजत होतात."

नेमणुकीचं पत्र आलं. येत्या मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता. जागा दुसऱ्या गावात, तीन तासांवर, आणि राहायला क्वार्टर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे ओटा. ह्या स्वयंपाकघराचं हिला फार होतं. आम्ही एकाच घरात राहतो, खाली दादा-वहिनी, वर आम्ही, आणि चूल खाली. सोळा वर्षांत आज काय शिजवायचं हे हिनं एकटीनं एकदाही ठरवलेलं नाही. वहिनी वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या चांगल्या आहेत. आमची लेक तिच्या मोठ्या आईजवळच झोपते, हिनं हाक मारली तरी वर येत नाही. हिनं त्या क्वार्टरचा नकाशा मागवून घेतला होता आणि कपाटात साड्यांखाली ठेवला होता.

"अहो, तोंडानं सांगा," ती रोज म्हणायची. "सख्ख्या भावाला काय सांगायचंय? दादा, मला नोकरी लागली. चार शब्द आहेत."

पण आमच्या घराची रीत निराळी आहे. दादाला तोंडानं नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. समोर उभा राहिलो की मी पुन्हा आठ वर्षांचा होतो. नाही म्हणायचं ते मी कागदावर म्हणतो. एकदा त्याच्या डोक्यात पूल बांधायचं आलं होतं. पुलाचं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. मी तोंडानं 'बघू या' म्हटलं आणि चार पानांचा तक्ता करून त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं ओळीखाली बोट धरून सगळा वाचला, दुसऱ्या दिवशी पुलाचं नाव काढलं नाही. मलाही काही बोलला नाही. वीस वर्षं आमचं असंच चाललं आहे. तोंडानं तो दादा आणि मी धाकटा. कागदावर मी साहेब.

म्हणून बाईंनी यादी करायला सांगितली तेव्हा मला वाटलं, हीच संधी आहे. सतरा नंबरला मी माझं जाणं लिहीन. शक्यता पाचपैकी पाच, म्हणजे माणूस जाणारच. दादा बोट धरून वाचेल, समजेल, आणि दुसरा इंजिनियर शोधायला लागेल. कुणाला काही बोलावं लागणार नाही.

"आणि झालं काय?" त्या दिवशी घरी आल्यावर हिनं विचारलं.

मी सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या करत होती, ती हसत हसत पलंगावर बसली.

"म्हणजे तुम्ही जाऊ नये हे बघायचं काम तुमचंच?"

"हो."

"धन्य आहे. असा घोळ फक्त तुम्हीच घालू शकता." मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण बरं झालं की. उपाय तुम्हीच लिहायचाय ना? लिहा मग. तुमच्याच हातात आलंय."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या रविवारपर्यंत मला खरोखर वाटत होतं, की ही चूक नसून माझं नशीब आहे.

गुरुवारी दुपारी मी उपाय लिहून काढला. 'दुसरा पदवीधर इंजिनियर नेमणे. परवान्यावर त्याचे नाव चढवणे. चार महिन्यांत कामे सोपवणे. पुढील एक वर्ष जुने इंजिनियर दर शनिवारी विनामोबदला येऊन कामे पाहतील.' शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. विनामोबदला हा शब्द मला पुरेसा वाटत नव्हता. मग दादा साइटवर गेलेला असताना कागद त्याच्या टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन बसलो.

दादा चार वाजता आला. केबिनचं दार उघडंच असतं, मला तो दिसत होता. त्यानं कागद उचलला, ओळीखाली बोट धरलं. त्याचे ओठ हलतात वाचताना.

"अरे," त्यानं हाक मारली. "हे जुने इंजिनियर म्हणजे कोण?"

"मी," मी दारातून म्हणालो.

"जुना झालास होय?"

"तसं नाही, दादा. कागदावर तसं लिहायची पद्धत असते."

"हं." त्यानं कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली. "बघतो."

बघतो म्हणाला! पुलाच्या वेळीही तो 'बघतो'च म्हणाला होता. मी जागेवर आलो, पण कामात लक्ष लागेना. थोड्या वेळानं दादा फोनवर बोलताना ऐकू आला. "हो, हो, उद्याच पाहिजे. इंजिनियरच्या नावाचं आहे. परवान्याला लागतं ना. पगाराचं नाही हो, पगाराचं काय त्यात." माझा जीव भांड्यात पडला. दादानं माणूस शोधायला घेतला होता, तेही लगेच, एक शब्द न बोलता.

घरी येऊन मी हिला सांगितलं. हिनं साड्यांखालून नकाशा काढून खिडक्यांची मापं एका कागदावर उतरवली. पडद्यांसाठी. शनिवारी तिनं पडद्यांचं कापडही बघून ठेवलं, पिवळं. आणलं मात्र नाही. "मंगळवारी आणू," म्हणाली.

रविवारी सकाळी नाश्त्याला आम्ही सगळे खाली होतो. वहिनींनी गोडाचं केलं होतं. का, ते त्या सांगत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या. लेक खाऊन खेळायला पळाली. दादानं हात धुतले, पुसले, आणि आतून एक लांब पाकीट आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"सतरा नंबरचा उपाय आणलाय," तो म्हणाला.

मी पाकीट उघडलं. जाड कागद होते, वकिलाचे शिक्के होते. मी पहिलं पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. भागीदारीचं पत्र होतं ते. संस्थेत आजपासून दोन भागीदार. अर्धा हिस्सा दादाचा, अर्धा माझा. टेबलखुर्च्यांपासून सहा मिक्सरपर्यंत सगळं निम्मं निम्मं.

"निम्मं?" मी म्हणालो.

"मग काय पाव देणार होतो तुला?"

मी पान उलटलं. माझी नजर सवयीनं अटींवर गेली. सातवी अट अशी होती, की चालू कामं पुरी होऊन त्या प्रत्येक कामाची पाच वर्षांची हमी संपेपर्यंत कुठल्याही भागीदाराला बाहेर पडता येणार नाही. मी मनात तारखा मांडल्या. सात टाक्यांना तीन वर्षं, त्यावर पाच. पण तेवढ्यात दुसरी कामं सुरू झालेली असणार, त्यांची हमी पुढे. आमच्या कामांचा तक्ता मीच आखतो. एका टाकीवर झाकण बसायच्या आत दुसरीचा पाया खणलेला असतो, आमची माणसं एक दिवस रिकामी बसत नाहीत, ह्याचा मला केवढा अभिमान होता! त्या तक्त्यात मी कुठे एका आठवड्याची फट ठेवली नव्हती.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता.

"दादा," मी म्हणालो, "मला..."

आणि थांबलो. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचे शब्द तसेच राहिले.

"मला कळलं होतं रे," दादा म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता त्याचा. "तू पाचपैकी पाच दिलेस ना, तेव्हाच कळलं. आकडे वाचायला तुझ्याकडूनच शिकलो मी. कॉलेजात लागलीय ना नोकरी? ठोकळे फोडायला गेलास त्या दिवशी ठोकळे साइटवरच होते. मुकादमानं दाखवले."

मी हातातली पानं ताटाशेजारी ठेवली.

"चार दिवस विचार केला. म्हटलं, ह्याला एवढी वर्षं आपण पगारावर ठेवलं. सख्खा भाऊ, आणि पगारावर! जाणारच की तो. मी गेलो असतो त्याच्या जागी. चूक माझी आहे, तुझी नाही." त्यानं कागद माझ्यापुढे सरळ केले. "मला शिकवता आलं असतं तर मीही शिकवलं असतं. मला नुसती माणसं हाकता येतात. टाकीतलं लोखंड किती, कुठं, का, हे मला अजून धड कळत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. तू आहेस म्हणून वर चढून खाली बघायची भीती वाटत नाही."

"दादा, तसं नव्हतं. पगाराचं नव्हतं."

"मग कशाचं?"

काय सांगणार होतो मी? की चाळीस पोरांसमोर तासभर उभा राहिलो आणि मला हलकं वाटलं? ह्या माणसानं मला खांद्यावरून शाळेत नेलं होतं. मी नोकरी मागत होतो आणि तो मला अर्धं आयुष्य देत होता, स्वतःचं.

"नको असेल तर फाड," दादा म्हणाला. "आत्ता, इथं फाड. मी एका शब्दानं बोलणार नाही. हिच्या गळ्याची शपथ." त्यानं वहिनींकडे हात केला आणि वहिनींचं हसू मावळलं. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दादा खरं बोलत होता. मी फाडलं असतं तर तो खरंच काही बोलला नसता. तुकडे गोळा करून त्यानं स्वतः केरात टाकले असते आणि सोमवारी दुसऱ्या इंजिनियरसाठी जाहिरात दिली असती. रागावला असता, उपकार काढले असते, तर मी उठून गेलो असतो. मला तोंडानं नाही म्हणता येत नव्हतं, पण रागावून उठून जाणं कदाचित जमलं असतं. त्यानं मला रागवायलाही जागा ठेवली नाही. मला रडू आलं, आणि ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

मी पेन मागितलं. प्रत्येक पानावर सही केली, नऊ पानं होती. वहिनींनी माझ्या तोंडात गोड घास घातला, मग हिच्या. ही हसली. सोळा वर्षांत तिचं तसलं हसू मी पाहिलं नव्हतं.

वर आल्यावर मला वाटलं, आता ही बोलेल, भांडेल. ती खिडकीशी बसली होती.

"तुम्ही 'मला' म्हणालात आणि थांबलात," ती म्हणाली. "मी दारात उभी राहून वाट बघत होते. तांब्या हाताला गार लागत होता तरी खाली ठेवला नाही. म्हटलं, आवाज झाला तर ह्यांचं वाक्य राहील."

"त्यानं फाड म्हटलं होतं."

"ऐकलं मी."

"म्हणूनच फाडता आलं नाही."

"तेही कळलं. म्हणून तर धड रागही येत नाही मला तुमचा." ती उठली, कपाट उघडलं, आणि बराच वेळ साड्या सारख्या करत राहिली. "माझ्या बाजूनं कुठल्या रकान्यात काही लिहिलं होतं का हो तुम्ही? एकतीस धोके लिहिलेत. बायकोचं काय होईल, असा एखादा?"

मी नाही म्हणालो. खोटं कशाला बोलू? ते मला सुचलंच नव्हतं.

सोमवारी मी प्राचार्यांना फोन केला. मंगळवारची वाट बघण्यात काही अर्थ नव्हता.

"पगार कमी वाटला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मी संस्थेत भागीदार झालो. निम्मा."

"अरे वा! मग काय, मालकच की! अभिनंदन. आम्ही कुठं पुरे पडणार तुम्हाला." ते मनापासून बोलत होते. "वर्गातली ती मुलं विचारत होती हो, टेकूवाले सर कधी येणार म्हणून. सांगतो त्यांना. ठोकळे तपासायला मात्र येत जा."

येतो म्हणालो. फोन ठेवला. मग खाली मिक्सरवाला आला होता म्हणून गेलो.

उशिरा का होईना, बाईंचा आराखडाही पुरा झाला. सतरा नंबरची शक्यता पाचावरून एकावर आली. त्या खूश झाल्या. इतका पक्का उपाय त्यांनी कुठल्याच संस्थेत पाहिला नव्हता. पुढच्या ठिकाणी उदाहरण म्हणून सांगितलं तर चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी चालेल म्हणालो. सात टाक्यांचं काम आम्हालाच मिळालं.

भागीदारानं बाहेर सगळ्यांत बसायचं नाही, असं दादाचं म्हणणं पडलं. म्हणून त्यानं सुतार बोलावून केबिनमध्ये दुसरं टेबल बसवून घेतलं. केबिन काय, नऊ फूट बाय सहा फूट. दादाचं टेबल दाराकडे, माझं आत, भिंतीला लागून. माझ्या टेबलाचे खण दादानं स्वतः आपल्या रुमालानं पुसले. सुतार म्हणाला, साहेबांना जायला-यायला जागा राहत नाही हो. दादा म्हणाला, "मी आहे ना, मी उठत जाईन."

आणि तो उठतो. मला बाहेर जायचं असलं की आधी दादाला उठावं लागतं. त्याचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. तो दोन्ही हात टेबलावर टेकतो, अर्धा उठतो, तिथं थोडा थांबतो, मग पुरा उभा राहतो आणि खुर्ची सरकवून मला वाट करून देतो. मी परत येईपर्यंत तसाच उभा असतो, कारण पुन्हा बसून पुन्हा उठणं त्याला नको वाटतं. एकदाही त्यानं तोंड वाकडं केलेलं नाही. "जाऊन ये रे, सावकाश," असं म्हणतो.

दिवसभरात मी दोनदाच उठतो. हल्ली मी पाणी कमी पितो.